झाडाखालची पंगत आणि कागदावरचा वंशवृक्ष

हिवाळ्याच्या सुटीत कोकणातल्या एखाद्या आगरात, कुलदैवताच्या देवळामागे मांडव पडतो आणि एका आडनावाची दोन-अडीचशे माणसे वर्षातून एकदा तेथे जमतात. पोफळीच्या सावलीत पंगत बसते, मुले विहिरीभोवती हुंदडतात, वृद्धांच्या डोळ्यांत पाणी येते. या कुलसंमेलनात घराण्यातली एखादी मुलगी आपल्या सहचराला घेऊन येते. त्याचे आडनाव वेगळे, जात वेगळी, कदाचित विवाहही झालेला नसतो. नावनोंदणीच्या मेजावर त्याला एकच प्रश्न विचारला जातो: आपण कोणापैकी? प्रश्न सौजन्यानेच विचारलेला असतो. त्याचे उत्तर मात्र त्या मेजावरच्या वहीत कोठेही मावत नाही.

‘कुल म्हणजे रक्ताचे नाते, त्यात बाहेरच्याला स्थान कसे असेल?’ असा युक्तिवाद संमेलनांच्या समर्थकांकडून केला जातो. तो तपासण्यासाठी समाजशास्त्राकडे धाव घेण्याचे कारण नाही. कुलवृत्तांत हा या मंडळींचाच ग्रंथ पुरेसा आहे. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, असे वृत्तांत मोठ्या चिकाटीने सिद्ध केले. सनदा, वतनांचे कागद, क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या धुंडाळून केलेले हे काम हौसेचे असले तरी क्षुल्लक नाही. परंतु हा ग्रंथ साहित्यकृतीसारखा बारकाईने वाचला, तर त्याचे व्याकरण उघडे पडते. मुलगा झाला की त्याच्यापासून रेघ पुढे सरकते. मुलगी झाली की ती बापाच्या टिपणात, सासरच्या नावासह, अर्ध्या ओळीत विराम पावते. तिची मुले या झाडाला दिसतच नाहीत. याउलट दत्तक पुत्र, मग तो प्रसंगी परगोत्रातला का असेना, पूर्ण रेघेचा धनी होतो. म्हणजे पोटच्या मुलीच्या मुलाला जागा नाही आणि विधीने आणलेल्याला आहे. याला रक्त म्हणत नाहीत. कोणाला आपले म्हणायचे याविषयी पूर्वी कोणीतरी घेतलेला हा निर्णय आहे, आणि घेतलेला निर्णय बदलताही येतो.

रक्ताचाच हिशेब मांडायचा तर तो आणखी अडचणीचा ठरतो. प्रत्येक माणसाला दहा पिढ्यांमागे पूर्वजांच्या १०२४ जागा असतात. वंशवृक्ष त्यांतली एक जागा उचलतो, तिला ‘मूळ पुरुष’ असे नाव देतो आणि उरलेल्या १०२३ जागांवर मौन पाळतो. त्या मौनात किती आज्या-पणज्या, किती आडनावे, किती गावे गडप झाली, हे सांगणारा वृत्तांत कोणी छापत नाही.

संमेलनांनी काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळूर वा न्यू जर्सी येथे वाढलेल्या मुलाला आजोबांचे गाव पायांखाली लागते. हुशार पण गरजू मुलांसाठी निधी उभे राहतात. वर्षभर एकट्या राहणाऱ्या विधवा काकूला चार दिवस माणसे मिळतात. ही संस्था मोडावी, असा आग्रह येथे नाही. आग्रह तिच्या दाराविषयी आहे.

हे दार सर्वत्र एकाच आकाराचे नाही, हे भारतीय वाचकाला तरी ठाऊक असावे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची रचना प्रदेशागणिक कशी पालटते हे दाखवून दिले. केरळातील नायर तरवाडात वंश आईकडून चाले. तेथे नवराच पाहुणा असे. मराठी सून लग्नाबरोबर कित्येकदा स्वतःचे पहिले नावदेखील सोडून कुलात विरघळते आणि जावई श्रीफळ घेऊन आयुष्यभर पाहुणा राहतो; तरवाडात कुलाची मालकीण होती ती मुलगी. जोडीदाराचे परकेपण निसर्गाने ठरवलेले नाही, हे सिद्ध करायला एवढे एक उदाहरण पुरे. आवळीभोजनाचेही तसेच. कार्तिकात आवळीखाली जेवण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे तशी तेलुगू प्रदेशातही आहे. परंतु तेथील वनभोजने अलीकडच्या दशकांत जातवार भरू लागली आणि त्यावर टीकाही झाली. पंगत उघड्यावर मांडली म्हणून ती सर्वांना मोकळी होते असे नाही. भिंती माणसे बरोबर घेऊन जातात.

कायदा या बाबतीत कुलाच्या पुढे निघून गेला आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहसदृश संबंध’ मान्य केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने, कुटुंब एकाच साच्याचे नसते आणि साच्याबाहेरच्या कुटुंबांनाही संरक्षण हवे, असे स्पष्ट नमूद केले. जमिनीच्या वाटणीत ज्या मुलीची सही लागते, तिचे घर वंशवृक्षात काढायला कागद अपुरा पडतो, हे समर्थन आता टिकणारे नाही.

नव्या आवृत्त्यांचे संपादक बहुधा सुशिक्षित, निवृत्त आणि सज्जन असतात. त्यांनी मुलीपासून रेघ पुढे न्यावी, तिच्या मुलांना क्रमांक द्यावेत, आणि तिने ज्याला वा जिला आपले मानले त्याचे नाव, ती सांगेल त्या शब्दांत, तिच्या शेजारी छापावे. आणि पुढल्या वर्षी मांडवाच्या दाराशी त्या पाहुण्याला, कोणापैकी हे न विचारता, पान कुठे मांडले आहे तेवढे दाखवावे.