फिरत्या घरांचा गारवा आणि विजेचे गणित

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर 2021 मध्ये छोट्या इंधन-इंजिनांच्या धुराविरुद्ध कायदा केला. त्यानुसार राज्याच्या हवा मंडळाने आखलेल्या नियमांत शून्य उत्सर्जनासाठी गवत कापण्याच्या यंत्रांना 2024, तर जनरेटरना 2028 ही मुदत देण्यात आली. बंधन नव्या यंत्रांच्या विक्रीवर आहे; जुनी वापरण्यास मुभा आहे. हेतू रास्तच आहे. मात्र ‘आरव्ही’ म्हणजे फिरत्या घरांच्या मालकांपुढे त्यामुळे एक प्रश्न उभा राहिला आहे. जनरेटर गेल्यास छतावरील एअर कंडिशनर चालणार कशावर?

अशा घरावरील साडेतेरा हजार बीटीयूचे यंत्र चालताना सुमारे दीड हजार वॉट वीज घेते. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी मात्र ही मागणी दुप्पट-तिप्पट होते. म्हणूनच या वाहनांत तीन-चार किलोवॉटचा जनरेटर बसविण्याची पद्धत पडली. सुरुवातीचा झटका सौम्य करणारे ‘सॉफ्ट स्टार्टर’ लावल्यास लहान जनरेटरवरही भागते.

इन्व्हर्टर हा पर्याय सुचविला जातो. भारनियमनाने आपल्या घरोघरी पोहोचविलेला इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवितो, परंतु तो वीज निर्माण करीत नाही. बॅटरीतील विजेचे केवळ रूपांतर करतो. रात्रीच्या आठ तासांत कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला, तरी सहा युनिट वीज लागते. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट मावते. म्हणजे एका रात्रीसाठी किमान पाच बॅटऱ्या हव्यात. छतावर आठशे वॉटची सौर तावदाने असली, तरी चांगल्या उन्हाच्या दिवशी त्यांतून चारेक युनिट मिळतात. उरलेली तूट कोठून भरून काढायची, हाच खरा प्रश्न आहे.

जनरेटरचे तोटेही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड झोपेतच प्राण घेऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानांत रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत गोंगाटास मनाई आहे. नेमक्या याच वेळी झोपणाऱ्याला गारवा हवा असतो.

हौशी पर्यटक महागड्या बॅटऱ्या घेईल किंवा डोंगरात जाईल. परंतु लॉस एंजेलिससारख्या शहरांत घरभाडे परवडत नसल्याने हजारो कुटुंबे व एकटी माणसे रस्त्याकडेच्या अशा वाहनांतच राहतात. पत्र्याच्या त्या खोलीत उष्णतेची लाट जीवघेणी ठरू शकते. त्यांचा जुना जनरेटर बंद पडला, तर बॅटऱ्यांचा खर्च त्यांना पेलणारा नाही. कायद्यासोबत छोट्या बागकाम व्यावसायिकांसाठी तीन कोटी डॉलरची तरतूद झाली. तशीच मदत या रहिवाशांनाही मिळावयास हवी.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वाहनतळावर थेट वीजजोडणी, आणि तिच्या जोडीला सावली व छताचे उष्णतारोधन. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही वाहने फिरवायची, तर कॅराव्हॅन पार्कमधील वीजजोडणीचा विचार आधी झाला पाहिजे. ती नसेल, तर पर्यटकांसोबत जनरेटरचा धूर आणि घरघरही आपल्या निसर्गस्थळी येईल.