तोफेतून चंद्राकडे : चुकीची, म्हणून टाकाऊ?

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ ही कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. तिचा उत्तरार्ध १८७० मध्ये पुस्तकरूपाने आला. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचे केले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. या कादंबरीवर चर्चा निघाली, की हटकून दोन मते पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, व्हर्न द्रष्टा होता, त्याने शंभर वर्षे आधीच सारे सांगून ठेवले. दुसरा म्हणतो, तोफेच्या गोळ्यात बसून कोणी चंद्राकडे जात नसते, त्यापेक्षा पाठ्यपुस्तक उघडावे. या दुसऱ्या पक्षात काही शिक्षकही सापडतात. आमच्या मते दोन्ही पक्षांनी पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलेले नाही.

पहिल्या पक्षाचा पुरावा वरवर मोठा जोरकस दिसतो. कादंबरीतील तोफ अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, टॅम्पा शहराजवळ आहे. यानात तीन प्रवासी आहेत. चंद्राला वळसा घालून ते प्रशांत महासागरात पडतात. १९६८ साली ‘अपोलो ८’ फ्लॉरिडातूनच उडाले, त्यातही तिघे होते, आणि तेही चंद्राभोवती फिरून प्रशांत महासागरात उतरले. पण फ्लॉरिडा का, हे विचारून पाहा. व्हर्नला चंद्र बरोबर डोक्यावर येणारी जागा हवी होती, आणि ते विषुववृत्तापासून सुमारे २८ अंशांपर्यंतच घडते. केप कॅनाव्हरल निवडताना पाहिले गेले ते वेगळेच : पूर्वेला मोकळा समुद्र असावा आणि पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतीचा फायदा मिळावा. उत्तर जुळले, रीत जुळली नाही. गणिताच्या पेपरात अशा उत्तराला किती गुण मिळतात, ते आपण जाणताच!

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. तोफ चालणार नाही, हे म्हणणे खरे आहे. पण नुसते म्हणून काय उपयोग? का चालणार नाही, ते नववी-दहावीच्या गणिताने काढता येते. व्हर्नने गोळ्याला दिलेला वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर आहे. हा पृथ्वीचा मुक्तिवेग, आणि तो त्याने अगदी योग्य घेतला आहे. तोफेची लांबी ९०० फूट, म्हणजे सुमारे २७५ मीटर. अंतिम वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर, हे सूत्र वापरा. ११,००० चा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला ५५० ने भागले, की त्वरण येते सेकंदवर्गाला २,२०,००० मीटर. गुरुत्वत्वरणाच्या हे २२,००० पटींहून अधिक झाले. पन्नास किलोग्रॅम वजनाच्या मुलाला नळीतील सेकंदाच्या विसाव्या भागात आपण ११०० टनांचे झालो आहोत असे वाटेल. खरे म्हणजे, वाटायला तो उरणारच नाही.

व्हर्नला ही शंका आली होती, म्हणून त्याने प्रवाशांच्या पायाखाली तीन फूट पाण्याची गादी ठेवली. पण २७५ मीटरमध्ये आणखी एका मीटरची भर घालून काय साधणार? धक्का सोसण्याजोगा, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या चौपट ठेवायचा, तर नळी सुमारे १,५०० किलोमीटर लांब हवी. मुंबई-दिल्ली लोहमार्गही त्याहून आखूड आहे.

हरमान ओबेर्थ या मुलाने शाळकरी वयात ही कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली आणि असाच हिशेब मांडला. वेग बरोबर, पण तोफ माणसाचा चेंदामेंदा करील, हे त्याला कळले. मग वेग हळूहळू, काही मिनिटांत वाढवणारे साधन कोणते, या विचाराने तो अग्निबाणाकडे वळला. त्याचा अंतराळप्रवासावरील प्रसिद्ध ग्रंथ १९२३ साली निघाला. रशियातील त्सिओल्कोव्हस्की यांनीही आपल्या विचारांचे पहिले बीज व्हर्नचे, असे नमूद केले आहे. यांपैकी कोणीही पुस्तक चुकीचे म्हणून मिटून ठेवले नाही, की खरे मानून पूजलेही नाही.

आमच्या मते कादंबरीतली सर्वांत मोलाची चूक मात्र तोफेची नव्हे, ती उत्तरार्धात आहे. यानातील एक कुत्रा मरतो आणि प्रवासी त्याला खिडकीतून बाहेर टाकतात. पुढे पाहतात तो काय, कुत्र्याचे शव यानाच्या बरोबरीने चाललेले! हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. दोघांचा वेग एकच आणि गुरुत्वाकर्षणही दोघांना सारखेच ओढते, तेव्हा एक दुसऱ्याला सोडून जाणार कसे? पण आत पाहावे, तर माणसे खुशाल जमिनीवर पाय टेकून उभी आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांचे आकर्षण जेथे समसमान होते, त्या एकाच ठिकाणी ती तरंगतात. बाहेरच्या कुत्र्याला जो नियम, तोच आतल्या माणसाला. तोफेतून सुटून वातावरण ओलांडले, की ती सारा वेळ तरंगत राहायला हवी होती. खिडकीबाहेर दिसलेले उत्तर व्हर्नला खिडकीच्या आत लागू करता आले नाही.

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की गुरुत्वाकर्षणाचा धडा सुरू करण्यापूर्वी हे दोन प्रसंग वर्गात लागोपाठ मोठ्याने वाचावेत, आणि चूक कोठे आहे ते न सांगता पुस्तक मुलांच्या हाती द्यावे.