सेल्फ डायरेक्ट करण्याआधी

चावी फिरवली आणि ट्रॅक्टरने हूं की चूं केले नाही, तर आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला असतो: सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, डायरेक्ट करायचा. खाली उभे राहून सेल्फच्या दोन टर्मिनलवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, ठिणगी उडाली, इंजिन धडधडले की काम भागले. पुढच्या वेळी तीच झंझट नको म्हणून क्लचजवळच्या स्विचच्या दोन तारा सोलून एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. नंदुरबार जिल्ह्यात हंगामाच्या तोंडावर हा उद्योग सर्रास चालतो. तो थांबायला हवा.

त्यामागची घाई समजण्यासारखी आहे. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वाटेत अडकवून चालत नाही. नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची वेळेवर पोचली नाही, तर त्या दिवसाचा भाव हुकतो. वाफसा आलेले रान दोन दिवस थांबत नाही. धडगाव किंवा मोलगीच्या डोंगरपट्ट्यात तर शहादा-तळोद्याहून मेकॅनिक येईपर्यंत दिवस मावळतो. अशा वेळी हाताशी असेल तो उपाय माणूस करणारच.

पण हा उपाय करणारा माणूस उभा कुठे असतो, ते पाहा. बहुतेक ट्रॅक्टरांचा सेल्फ इंजिनाच्या बगलेला असतो. त्याला हात घालायचा, तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभे राहावे लागते. गिअर पडलेला असेल, तर सेल्फचा पहिला झटकाच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. डिझेल पेटले की तो चालू लागतो. मागचे मोठे चाक तेव्हा हातभर अंतरावर असते आणि सीटवर ब्रेक दाबायला कोणी नसते. अवजार फिरवणारा पीटीओ चालू राहिला असेल, तर मागे जोडलेला रोटाव्हेटरही त्याच क्षणी फिरू लागतो.

सेफ्टी स्विच बसवलेला असतो तो नेमका हा क्षण टाळण्यासाठी. क्लच पूर्ण दाबलेला असावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, पीटीओ बंद असावा, काही नव्या मॉडेलांत सीटवर माणूस बसलेला असावा, अशा या अटी. सगळ्या ट्रॅक्टरांत सगळे स्विच नसतात. आपल्या गाडीत कोणते आहेत, ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. चावीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवर ते एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. पाटाचे मधले एक दार बंद असले तरी पुढच्या वाफ्यात पाणी जात नाही, तसेच हे. म्हणून एक स्विच चिखलाने अडला तरी पूर्ण ट्रॅक्टर मुका होतो.

बिघाड शोधायची सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर नुसता ‘टिक’ आवाज येत असेल, तर करंट सेल्फला जोडणाऱ्या सोलेनॉइडपर्यंत पोचला आहे. सेफ्टी स्विच बहुधा निर्दोष आहेत. दोष बॅटरीत, सैल किंवा बुरशी धरलेल्या टर्मिनलांत, नाहीतर सेल्फमध्ये शोधावा. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर आधी स्टॉपची दांडी आत गेली आहे का, टाकीत डिझेल आहे का, लाइनमध्ये हवा धरली आहे का, हे पाहावे. चावीला काहीच आवाज नाही आणि हेडलाइट मात्र लख्ख पेटलेले आहेत, असे असेल तेव्हाच फ्यूज, रिले आणि सेफ्टी स्विचवर संशय घ्यावा.

मग चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पीटीओ बंद करा. मुख्य गिअर आणि हाय-लोचा दांडा, दोन्ही न्यूट्रलमध्ये आणा. सीटवर बसून क्लच तळाशी दाबा आणि चावी फिरवा. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येच थोडा हलवल्यावर सेल्फ लागला, तर न्यूट्रलचा स्विच सरकलेला आहे. तरीही काही घडले नाही, तर सोलेनॉइडला जाणारी बारीक तार काढून ठेवा, म्हणजे तपासताना इंजिन चुकून सुरू होणार नाही. 12 व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचे एक टोक चेसीला लावा. एकाने क्लच दाबून चावी धरायची, दुसऱ्याने लॅम्पचे दुसरे टोक आधी स्विचच्या येणाऱ्या तारेला, मग जाणाऱ्या तारेला लावायचे. दोन्हीकडे दिवा पेटला तर स्विच चांगला आहे. पहिल्या तारेला पेटला आणि दुसऱ्या तारेला नाही, तर चोर सापडला.

तापीकाठच्या काळ्या मातीत हा चोर अनेकदा साधाच निघतो. पेडलजवळचा स्विच खाली असतो. चिखल वाळून त्याचा दट्ट्या बसून जातो. पेडल झिजून ढिले झाले की ते दट्ट्यापर्यंत पोचतच नाही. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरची वायर उंदीर कुरतडतात. साफसफाई, नटाचे थोडे समायोजन किंवा नवा स्विच एवढ्यावर काम भागते. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना मात्र प्रदूषणाचे ट्रेम-4 मानक लागू आहे. त्यांपैकी बहुतेकांच्या इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक युनिटकडे असतो. तिथे अंदाजाने तारा जोडणे म्हणजे छोट्या बिघाडाचा मोठा खर्च करणे.

सगळा भार शेतकऱ्यावर टाकून मात्र चालणार नाही. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि यांत्रिकीकरणाच्या अनुदानात या घटकाला ट्रॅक्टरसाठी साहाय्य मिळते. त्या पैशातून ट्रॅक्टर दारात येतो, पण तो समजावून सांगणारा माणूस सोबत येतोच असे नाही. आपल्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्याच काठी, मध्य प्रदेशात बुदनीला, ट्रॅक्टरचे प्रशिक्षण आणि चाचणी करणारी केंद्रीय संस्था 1955 पासून आहे. तिथले ज्ञान अक्कलकुव्यापर्यंत पोचवायचे, तर विक्रेत्याने ताबा देताना हे स्विच हात लावून दाखवावेत, तेही अहिराणीत, भिलीत, पावरीत. कृषी विभागाने अनुदानाची मोका तपासणी करताना एवढे झाले का, ते विचारावे. आयटीआयच्या मुलांनी गावोगावच्या शिबिरात टेस्ट लॅम्प वापरायला शिकवावे.

ज्यांच्या ट्रॅक्टरला आज अशी जोडलेली तार आहे, त्यांनी पुढच्या हंगामाची वाट पाहू नये. ती तार काढा, स्विच दुरुस्त करून घ्या आणि ट्रॅक्टर सुरू करायचा तो सीटवर बसूनच, हा नियम घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लावा.