डोकं मोठं, हेडफोन लहान

अकोल्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "मुलगा अकरावीत आहे. सुटीत कॉम्प्युटरवर मित्रांबरोबर गेम खेळतो, त्यासाठी कानाला हेडफोन. तासाभरात 'आई, डोस्कं दुखते' म्हणून उठतो. डोळे तपासले, नंबर नाही. दोन हेडफोन झाले, दोन्ही घट्ट. डोकं त्याच्या बाबांवर गेलंय, मोठं आहे. मित्र त्यावरून चिडवतात ते वेगळंच. काय करावं?"

'खेळणंच बंद करा' हे उत्तर सोपं आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की आपल्या वऱ्हाडातली पोरं भरदुपारी जाणार तरी कुठे? खेळायला वेळेचं बंधन हवंच. पण दुखण्याचं कारण मापात असेल तर माप बघायला नको का? चप्पल घेताना आपण नंबर बघतो, शर्ट घेताना कॉलर बघतो. हेडफोनवर नंबरच नसतो, म्हणून माप आपणच काढायचं.

शिवणाची टेप घ्या. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरच्या टोकाला लागून, मागचा फुगीर भाग धरून डोक्याचा घेर मोजा. मोठ्या माणसाचा घेर बहुधा ५५ ते ५८ सेंटिमीटर भरतो. ६० किंवा त्याच्या पुढे गेला की डोकं मोठं समजावं. टेप सापडत नसेल तर त्याला नीट बसणाऱ्या हेल्मेटच्या आतली चिठ्ठी वाचा. तिथे ५८०, ६००, ६२० असा आकडा असतो, तो मिलिमीटरचा. ६०० म्हणजे ६० सेंटिमीटर. दुसरं माप एका कानाच्या भोकापासून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या भोकापर्यंत घ्या. हेडफोनला खरं लागतं ते हेच.

आता मुलाला विचारा, दुखतं नेमकं कुठे? टाळूवर दुखत असेल तर पट्टी आखूड आहे. सगळं वजन एकाच जागी येतं. कानांभोवती किंवा कानशिलांवर दुखत असेल तर पट्टीचा चिमटा जास्त आहे. डोकं जितकं रुंद, तितकी ती पट्टी फाकते आणि जास्त जोराने दाबते. कानाची पाळीच दुखत असेल तर गादी लहान आहे. तीन दुखणी, तीन कारणं.

दुकानात मुलाला घेऊनच जा. पट्टी त्याच्या मापाला सरकवा. शेवटच्या खाचेपर्यंत ओढूनच जेमतेम बसत असेल, तर तो हेडफोन ठेवून द्या; दोन-तीन खाचा शिल्लक राहायला हव्यात. वर एक कडक कमान आणि खाली ताणला जाणारा मऊ पट्टा अशी दुहेरी रचना मिळते, ती मोठ्या डोक्याला बरी पडते. गादीच्या आत अख्खा कान मावला पाहिजे आणि आतल्या जाळीला टेकता कामा नये. वजन साधारण ३०० ग्रॅमच्या आत असावं. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून बघा. आणि लगेच काढू नका हं! पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. पहिल्या मिनिटाला सगळेच हेडफोन छान वाटतात. घरबसल्या मागवणार असाल तर परत घेण्याच्या अटी आधी वाचा आणि खोकं जपून ठेवा.

तार कुठे जोडायची तेही बघा. बोलायची सोय असलेल्या एकाच पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. घरच्या कॉम्प्युटरला ऐकण्याचं आणि बोलण्याचं भोक वेगळं असेल तर जोडणीची छोटी दुफाटा तार लागेल.

घरात असलेला घट्ट हेडफोन लगेच टाकून देऊ नका. पट्टी धातूची असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशी पुस्तकांची चळत करून तीवर तो रात्रभर चढवून ठेवावा. सैल वाटेपर्यंत रोज थोडं थोडं, एकदम नाही. पट्टी नुसती प्लॅस्टिकची असेल तर हा उपाय नको, सांध्यात तडकते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे उन्हाळा. नकली चामड्याची गादी घामाने चिकटते आणि वर्षा-दोन वर्षांत तिचे पापुद्रे निघतात. कापडी गादीत हवा खेळते, पण बाहेरचा आवाजही आत येतो. आणि आपल्या घरात बाहेरचा आवाज कुणाचा? कूलरचा! तो घरघरला की पोरं हेडफोनचा आवाज चढवतात. म्हणून गादी कापडी घ्या, पण खुर्ची कूलरच्या तोंडापासून दूर ठेवा. गादी बदलता येते ना, हेही दुकानदाराला विचारा.

आवाजाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो, मुलांना ७५च. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. मोठ्यांना ८३ला २० तास, ८६ला १० तास. आतल्या कानाच्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कूलर बंद असताना पुरेसा वाटेल तो आवाज ठरवा, पूर्ण आवाजाच्या ६० टक्क्यांच्या आत, आणि कूलर चालू झाल्यावर तो वाढवायचा नाही असा नियम करा. तासाला दहा मिनिटं हेडफोन खाली. खेळून उठल्यावर कानात गुंई वाजत असेल, तर कान तपासून घ्या. आणि माप नीट बसूनही डोकं दुखतच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

राहता राहिलं चिडवणं. मोठ्या घेराचं डोकं बाबांकडून आलं, त्यात मुलाचा काय दोष? मात्र आपण घरात 'एवढं मोठं डोकं, कुठलं बसणार!' असं म्हणू नये. हेडफोन लहान आहे, असं म्हणावं. बोलण्यातला फरक एवढासाच, पण सोळा वर्षांच्या पोराला तो बरोबर कळतो.

पुढील अंकी : कूलरच्या टाकीची सफाई आणि डास.