फ्यूज उडतो म्हणून जाड तार लावू नका

पॉवरलूमच्या कारखान्यात ज्याने चार दिवस काढले आहेत त्याला हा अनुभव असतोच. मोटारीचा फ्यूज वारंवार उडू लागला की घाईतला माणूस फ्यूजमध्ये जाड तार भरतो. फ्यूज उडायचा थांबतो आणि थोड्याच दिवसांत मोटार जळते. मग मोटार रिवाइंडिंगला जाते, लूम बंद राहतो, कारीगराची मजुरी बुडते. उघडून पाहावे तर मूळ दोष एखाद्या जाम झालेल्या बेअरिंगचा निघतो. हा जुना धडा मला गेल्या वर्षी पुन्हा मिळाला. तो लूममुळे नव्हे, तर दीड फूट लांबीच्या रिमोटच्या गाडीमुळे.

माझा भाचा डिप्लोमाला शिकतो. सुट्टीत मोबाइल दुरुस्तीचे काम करून त्याने पैसे जमवले आणि शर्यतीची बग्गी घेतली. ही जत्रेत मिळणारी खेळण्यातली गाडी नव्हे. खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची, साडेतीन किलोच्या आसपास वजनाची, चारही चाकांना जोर मिळणारी आणि मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत धावणारी ही गाडी असते. अमेरिका, जपान आणि युरोपातील लोक १९८०च्या दशकापासून अशा बग्ग्यांच्या जागतिक स्पर्धांत उतरत आले आहेत. आपल्याकडेही हा शौक बाळगणारे तरुण आहेत.

भाच्याची गाडी पाच-सहा मिनिटे धावली की आपोआप बंद पडे. थंड झाली की पुन्हा चाले. ज्या दुकानातून माल घेतला होता त्या दुकानदाराने सांगितले, "तुमचा स्पीड कंट्रोलर लहान पडतो, मोठा घ्या." साडेचौदा हजार रुपयांचा मोठा कंट्रोलर बसवला. गाडी बंद पडायची थांबली आणि दोन आठवड्यांत मोटार गेली. मुलाची सुट्टीतली सारी कमाई संपली. दूल्हाभाईंनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "भाईजान, आता तुम्हीच समजावा त्याला. ही गाडी विकून टाकू दे."

मला त्या गाडीतले काही कळत नव्हते. पण तीस वर्षे कापडाच्या धंद्यात राहून लूमचा आवाज कानात बसला आहे. मी मोटार बाजूला करायला लावली आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिले. मागच्या उजव्या चाकातून वाळू दळल्यासारखी खरखर येत होती. मागच्या डिफरन्शियलची दोन्ही बेअरिंगे तर जवळजवळ बसली होती. भाचा म्हणाला, "मामू, ते तर साठ रुपयांचे बेअरिंग आहे. त्याच्याकडे कोण बघतो?"

त्याचे उत्तर म्हणजेच हा लेख. बेअरिंग अडले की मोटारीला जास्त जोर लावावा लागतो. जास्त जोर म्हणजे जास्त करंट, जास्त करंट म्हणजे उष्णता. कंट्रोलर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी गाडी थांबवतो. पहिला कंट्रोलर खरे तेच सांगत होता. मोठा बसवल्यावर सांगणारा गप्प झाला आणि सारी उष्णता मोटारीच्या वाट्याला आली. ब्रशलेस मोटारीच्या मधल्या फिरत्या भागात चुंबक असते. ते हद्दीबाहेर तापले की त्याची ताकद कायमची कमी होते. फ्यूजमध्ये जाड तार भरणे म्हणतात ते हेच.

बेअरिंगला भाषा नसते

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी माहितीपत्रक वाचताना आजही अडखळतो. पण बेअरिंग ओळखायला इंग्रजी लागत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तीन मापे घ्या की जगातल्या कोणत्याही बाजारात तेच बेअरिंग मिळते. एक-अष्टमांश बग्गीत अनेक ठिकाणी ८, १६ आणि ५ मिलिमीटरचे बेअरिंग असते. बाजारात त्याचा नंबर ६८८. लहान मापाच्या गाड्यांत ५, १०, ४ हे माप फार चालते. तो नंबर एमआर१०५. एका गाडीत वीस-बावीस बेअरिंगे असतात आणि मॉडेलप्रमाणे मापे बदलतात, म्हणून अंदाजाने घेऊ नये, मोजून घ्यावे.

नंबरापुढची अक्षरेही पाहावीत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचे सील. पत्र्याचे झाकण हलके फिरते, पण त्याच्या फटीतून बारीक धूळ आत शिरते. रबर किंचित घासते, पण धूळ अडवते. मातीच्या ट्रॅकवर चाकांना आणि डिफरन्शियलला रबराचेच घ्यावे. इंधनावर चालणाऱ्या बग्गीत क्लचच्या घंटीतले बेअरिंग तापते आणि वेगाने फिरते. ते सर्वांत आधी जाते, म्हणून प्रत्येक शर्यतीनंतर हात लावून पाहावे आणि दोन जास्तीचे खिशात ठेवावेत.

पाकिटावर एबेक ५, एबेक ७ असे छापलेले असते. आकडा मोठा म्हणजे माल उत्तम, असे गिऱ्हाईक समजते. हा आकडा केवळ माप किती काटेकोर आहे ते सांगतो. पोलाद कसे, ग्रीस कोणते, सील किती घट्ट, यातले काहीच तो सांगत नाही. सिरॅमिक बेअरिंगचेही तसेच. त्यातल्या गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या, कठीण आणि हलक्या असतात; पण सामान्यतः कड्या पोलादाच्याच असतात. धूळ आत गेली की त्या कड्या खराब होणारच. मातीत पळणाऱ्या गाडीला कित्येक पट किंमत देऊन हा शौक करण्यापेक्षा त्याच पैशात साध्या रबरी बेअरिंगचे दोन-तीन पूर्ण संच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

बदलतानाची एक चूक फार होते. बेअरिंग घरात बसवताना आतल्या कडीवर ठोकतात. तो मार गोळ्यांवर जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते. दाब बाहेरच्या कडीवर द्यावा. जुने वाचवायचे असेल तर टाचणीने रबर अलगद उचलावे, घासलेटने धुवावे, सुकवून पातळ तेल द्यावे. धुतल्यावरही खरखर राहिली तर फेकून द्यावे.

बेअरिंगशी कापडवाल्यांचे नाते जुने आहे. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर देखभालीचे काम पाहत असे. गिरणीखालची जमीन चिकणमातीची होती. ती सरकली की लांब शाफ्ट वाकडे होत, बेअरिंगे जात आणि गिरणी थांबे. यावर उपाय म्हणून त्याने १९०७ साली स्वतः जुळवून घेणारे बेअरिंग तयार केले आणि त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. गिरणी बंद पडल्यावर त्याने मोठे इंजिन मागवले नाही. शाफ्ट कशावर फिरतो ते आधी पाहिले.

इलेक्ट्रॉनिक्स निवडताना

इथे सुरुवात मोटारीपासून नव्हे, बॅटरीपासून करावी. एक-अष्टमांश विजेच्या बग्गीत साधारणतः चार सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी असते, म्हणजे १४.८ व्होल्ट. मोटारीवर केव्ही म्हणून आकडा असतो. एका व्होल्टला ती मिनिटाला किती फेरे घेईल ते त्यावरून कळते. दोन हजार केव्हीची मोटार १४.८ व्होल्टवर बिनओझ्याने २९,६०० फेरे घेते. या वजनाच्या गाडीला १९०० ते २१०० केव्ही पुरते. जास्त केव्ही म्हणजे जास्त चांगली, हा गैरसमज आहे. शर्यतीत जिंकतो तो वळण न चुकवणारा.

कंट्रोलर घेताना तो किती सेलपर्यंत चालतो ते आधी पाहावे, अँपिअर नंतर. चार सेलच्या कंट्रोलरला सहा सेल लावले तर तो त्याच क्षणी जातो. सेन्सरची तार असलेली मोटार आणि तिला जुळणारा कंट्रोलर घेतला तर गाडी झटका न देता निघते. स्टिअरिंगचा सर्व्हो किती व्होल्टचा आहे तेही पाहावे; सहा व्होल्टच्या सर्व्होला ७.४ व्होल्ट दिले तर तो जळतो. मोटारीवरचा पिनियन लहान दातांचा लावून सुरुवात करावी. पाच मिनिटे चालवून मोटारीला बोट लावावे. दोन-तीन सेकंदही बोट ठेववत नसेल तर आधी बेअरिंग तपासावे, मग पिनियन एका दाताने कमी करावा. नवा कंट्रोलर घेण्याची वेळ त्यानंतरची.

तागा आणि बॅटरी

दुसरी गोष्ट पाहून मात्र मी हादरलो. भाचा बॅटरी चार्ज करायला लावून नमाजला गेला होता आणि ती माझ्या गोदामात, ग्रे कापडाच्या ताग्यावर ठेवलेली होती. तिचे पोट किंचित फुगलेलेही होते. ही बॅटरी बिघडली तर पेट घेते आणि आग झपाट्याने वाढते. गोदामात फक्त माझा माल नव्हता, चार जणांची उधारी होती. त्या दिवशी मी मुलावर ओरडलो आणि ते योग्यच होते.

नियम साधे आहेत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये आणि वापरताना सुमारे ३.२च्या खाली उतरू देऊ नये. प्रत्येक सेल वेगळा मोजणारा चार्जर वापरावा. बॅटरी फरशीवर किंवा लोखंडी पेटीत ठेवून, समोर बसून चार्ज करावी. काही दिवस ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी बाद करावी.

आता व्यापाऱ्यांशी बोलायचे आहे. त्या दुकानदाराने खोटा माल दिला नाही. कंट्रोलर अस्सल होता, पावतीही दिली. पण गाडी कुठे चालते, मोटार किती तापते, चाके मोकळी फिरतात का, यातले काही विचारले नाही. गिऱ्हाइकाने रोग सांगितला आणि त्याने सर्वांत महाग औषध दिले. हे मी कोणत्या तोंडाने बोलतो, असे कोणी विचारील. मीही हे केले आहे. एका युनिफॉर्मवाल्याचे कपडे शिवणीत फाटत होते. शिलाई ढिली आहे हे नमुना हातात घेताच कळले होते, तरी मी त्याला जाड कापड विकले. पुढच्या हंगामात तो आला नाही. आज वीस वर्षे झाली, तो आलेला नाही.

दूल्हाभाईंना मी सांगितले, गाडी विकू नका. भाच्याला नागदेवी स्ट्रीटला नेले, नंबर सांगून रबरी बेअरिंगांचा पूर्ण संच घेतला. शौकाच्या पाकिटात त्याच नंबराला जी किंमत लागत होती तिच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. चांगल्या कंपनीचे नाव कोरलेला माल असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून आणि बिलासह घ्यावा, हेही त्याला दाखवले. नकली माल बेअरिंगातही आहे. नवी मोटार मात्र त्याने स्वतःच्या कमाईतून घ्यायची, अशी अट घातली. ती त्याने चार महिन्यांनी घेतली.

आता मित्रांच्या गाड्या त्याच्याकडे येतात. तो आधी चाक फिरवून कान लावतो, मग किमतीचे बोलतो. कालच एकाला त्याने एकशेवीस रुपयांत मोकळे केले. तो मुलगा नवा कंट्रोलर घ्यायच्या तयारीने आला होता. दूल्हाभाई म्हणाले, "असा धंदा केला तर मिळणार काय?" मी म्हणालो, तो मुलगा पुन्हा येईल, ते मिळेल.