भाड्याची गाडी : मान आणि माप

जून महिना लागला की बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमामिश या परिसरातील आपल्या घरांतून एकच लगबग सुरू होते. नागपूर, अकोला, नांदेड, मुंबईहून आई-वडील आणि सासू-सासरे आलेले असतात, मुलांच्या शाळांना सुट्टी लागते आणि सहलीचे बेत ठरू लागतात. कोणी माउंट रेनियरला जातो, कोणी यलोस्टोनला. कोणी सीमेपलीकडे बर्नाबीच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्याला अभिवादन करून यावे म्हणतो. घरची गाडी पाच आसनांची आणि माणसे सहा-सात, म्हणून भाड्याची गाडी शोधली जाते. या शोधात चर्चा होते ती बहुधा दोनच गोष्टींची : दिवसाचे भाडे किती आणि गाडी दिसते कशी. माझे मत असे की या साध्या वाटणाऱ्या निवडीत घरच्यांचा जीव, वडीलधाऱ्यांची सोय आणि घरातील स्त्रियांचे स्थान असे तीन प्रश्न गुंतलेले आहेत. सहा-सात जणांच्या कुटुंबाने मोठ्या एसयूव्हीचा मोह सोडून मिनीव्हॅन घ्यावी. ती मिळत नसेल तर दोन लहान गाड्या घ्याव्यात. पाच आसनांत सहावा माणूस मात्र कोणत्याही परिस्थितीत बसवू नये.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. भाड्याने देणाऱ्या कंपन्या विशिष्ट गाडीचे आश्वासन देत नाहीत, त्या वर्गाचे आश्वासन देतात. छायाचित्राखाली ‘किंवा तत्सम’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. आपण ज्या गाडीचे चित्र पाहून नोंदणी करतो तीच हाती पडेल याचा भरवसा नसतो. ‘स्टँडर्ड एसयूव्ही’ हा वर्ग ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यात बहुतेक वेळा पाच आसनांचीच गाडी मिळते. म्हणून नोंदणी करताना वर्गाच्या नावावर विसंबू नये. आसनांची संख्या लेखी पाहावी आणि आदल्या दिवशी शाखेला फोन करून पुन्हा खात्री करावी.

‘सात आसनी’ हा शब्दही अर्धेच सत्य सांगतो. सात माणसे बसल्यावर मागे सामानाला किती जागा उरते, हे तो सांगत नाही. टोयोटा हायलँडर ही लोकप्रिय तीन रांगांची एसयूव्ही घ्या. तिसरी रांग उभी असताना तिच्या मागे सुमारे १६ घनफूट जागा उरते. त्याच कंपनीच्या सिएना या मिनीव्हॅनमध्ये ती सुमारे ३३.५ घनफूट आहे, म्हणजे दुपटीहून अधिक. बाहेरून एसयूव्ही धिप्पाड दिसते खरी, पण मिनीव्हॅनच्या मागील भागाची जमीन खोल असते आणि सामान त्या खोलगट जागेत उभे राहते. विमानात चढवायची २८ इंची मोठी बॅग साधारण पावणेचार घनफुटांची असते. गणिताने हायलँडरच्या मागे चार बॅगा बसायला हव्यात. प्रत्यक्षात चाके, मुठी आणि दाराचा उतार यांमुळे दोन-तीनच बसतात. मग उरलेल्या बॅगा माणसांच्या पायांशी आणि मांडीवर येतात.

जागेइतकाच वजनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याकडे आपले जवळजवळ दुर्लक्षच असते. अमेरिकेतील प्रत्येक मोटारीत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक फलक चिकटवलेला असतो. माणसे आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा अधिक भार घालू नये, हे त्यावर छापलेले असते. आता हिशेब करू. सहा जणांचे कुटुंब भारतातून परतले आणि प्रत्येकाजवळ २३ किलोच्या दोन बॅगा असल्या तर सामानच २७६ किलो होते. माणशी सरासरी ६५ किलो धरले तर माणसांचे ३९०. एकूण ६६६ किलो, म्हणजे सुमारे १,४७० पौंड. अनेक मिनीव्हॅनच्या फलकावरील आकडा याच्याही खाली असतो. याचा अर्थ, बॅगा कशाबशा कोंबता आल्या तरी ब्रेक आणि टायर त्या भारासाठी घडवलेले नसतात. म्हणून विमानतळाचे माप आणि सहलीचे माप वेगळे धरावे. विमानतळावर दोन गाड्या न्याव्यात. सहलीला निघताना मोठ्या बॅगा घरी ठेवून माणशी एक छोटी बॅग घ्यावी. बॅगा अशा आवरल्या की मिनीव्हॅन पुरून उरते.

आता मुलांविषयी. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला मागे तोंड केलेल्या आसनात बसवावे लागते, चार वर्षांपर्यंत पट्ट्यांचे बाल-आसन लागते आणि उंची ४ फूट ९ इंच होईपर्यंत बूस्टर लागते. तेरा वर्षांखालील मुलांनी शक्य तेथे मागेच बसायचे असते. तिसरी-चौथीतले मूलसुद्धा या नियमात येते, हे पाहुण्यांना ठाऊक नसते. बाल-आसन एका माणसापेक्षा अधिक रुंदी व्यापते. मधल्या रांगेत तीन बाल-आसने शेजारी शेजारी बसतील अशा गाड्या थोड्या. ‘बाळ आजीच्या मांडीवर बसेल’ हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते, पण पदार्थविज्ञान प्रेम जाणत नाही. ताशी ३० मैलांचा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला तर दहा किलोच्या बाळाचा भार क्षणभर सुमारे १४० किलोंइतका होतो. तो कोणत्याही आजीच्या हातांना पेलणारा नाही.

येथे कोणी म्हणेल, आपण वडापच्या जीपला लोंबकळत शिकलो, काळी-पिवळीत पंधरा जण बसून तालुक्याला गेलो, काय बिघडले? ज्यांचे बिघडले ते आज हे सांगायला आपल्यात नाहीत. शिवाय त्या प्रवासात आपल्याला निवड नव्हती. एसटी वस्तीपर्यंत येत नव्हती आणि दुसऱ्या वाहनाला पैसे नव्हते. नाइलाजाने अंगवळणी पडलेली गोष्ट परिस्थिती पालटल्यावरही सवय म्हणून जपणे शहाणपणाचे नाही.

तिसऱ्या रांगेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती रांग म्हणजे गाडीतील सर्वांत अडचणीची जागा. वाकून, आसन पुढे लोटून, फटीतून आत शिरावे लागते. तेथे कोण बसते, हे प्रत्येकाने आपल्या मागील सहलीचे छायाचित्र काढून पाहावे. पुढे मुलगा आणि वडील, मध्ये नातवंडे, आणि मागे सून किंवा आई, पायांशी डब्यांची पिशवी. कोणी ठरवून असे करत नाही. ते आपसूक घडते, आणि म्हणूनच ते तपासावे लागते. समतेची भाषा व्यासपीठावर बोलणाऱ्या घरात गाडीतली जागा लिंगावरून ठरू नये. गुडघे दुखणाऱ्या आईला उंच एसयूव्हीच्या पायरीवर साडी सावरत चढवणे हा सन्मान नव्हे. मिनीव्हॅनची जमीन खाली असते, दार सरकते आणि अनेक गाड्यांत मधल्या दोन आसनांमधून मागे जायला वाट असते. मधल्या रांगेत वडीलधारे, मागच्या रांगेत तरुण माणसे, आणि तरुणांची पाळी दर थांब्यावर बदलायची, एवढा नियम केला तरी पुरे.

तरीही आपल्यातील अनेकांना मिनीव्हॅन नको असते. ती ‘साधी’ दिसते. गावाकडे छायाचित्र जायचे असते, वडिलांनी आयुष्यभर सायकल रेटलेली असते, आणि मुलाने त्यांना मोठ्या काळ्या गाडीतून फिरवावे असे वाटते. या भावनेची मी थट्टा करणार नाही. वाहन आणि मान यांचा आपल्या इतिहासात जो संबंध आहे तो इतरांच्या वाट्याला आलेला नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी दोन भाड्याच्या वाहनांची हकिगत सांगितली आहे. १९०१ साली मसूर स्थानकावरून गोरेगावला जाताना गाडीवानांनी जात कळताच मुलांना बसवून नेण्यास नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असे ठरले. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. पाहुण्याने पायी चालणे मानाला शोभणार नाही म्हणून तेथील मंडळींनी टांगा भाड्याने घेतला आणि सराव नसलेल्या आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगात दोष अस्पृश्यता पाळणाऱ्यांचाच होता. पण बाबासाहेबांनी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे नोंदवली आहे : त्यांचा मान राखण्यासाठी चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांचा जीव धोक्यात घातला होता. आज बेलव्ह्यूत आपल्याला गाडी नाकारणारा कोणी नाही. किल्ली काउंटरवरून सरळ हाती येते. अशा वेळी दिसण्याच्या मानापायी पट्ट्याविना माणूस बसवणे किंवा फलकावरील आकड्यापलीकडे भार घालणे म्हणजे तोच धोका, या वेळी कोणाच्या सक्तीविना, पत्करणे होय. वडिलांचा खरा मान त्यांना स्वतंत्र आसन, स्वतंत्र पट्टा आणि सहज उतरता येईल असे दार मिळण्यात आहे.

हिवाळ्यात निवडीचे माप थोडे बदलते. स्नोक्वाल्मी खिंड सुमारे ३,००० फुटांवर आहे आणि तेथे बर्फात साखळ्यांची सक्ती होते. माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात प्रत्येक गाडीत साखळ्या बाळगाव्याच लागतात, चारही चाकांना गती असलेल्या गाडीतसुद्धा. याउलट अनेक भाडेकरारांत साखळ्या बसवण्यास मनाई असते. म्हणून करार वाचल्याविना हिवाळ्यात डोंगराकडे निघू नये. त्या काळात मोठ्या गाडीपेक्षा साखळ्यांची परवानगी असलेली योग्य गाडी अधिक मोलाची.

एक इशारा आपल्या मंडळांसाठी. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला किंवा दूरच्या विहाराला जाताना खर्च वाचवण्यासाठी पंधरा आसनी व्हॅन घेण्याची कल्पना दरवर्षी निघते. अशी व्हॅन भरलेली असताना, विशेषतः दहा किंवा अधिक माणसे बसल्यावर, उलटण्याचा धोका मोठ्या प्रमाणात वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून वारंवार दिला आहे. ती चालवण्याचा सराव आपल्यापैकी फारच थोड्यांना असतो. चाळीसगावचा टांगा येथे पुन्हा आठवावा. दोन मिनीव्हॅन घ्याव्यात आणि वाढीव खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. उन्हाळ्यात मिनीव्हॅन महाग मिळते आणि लवकर संपते. त्यावर उपाय दोन : तारखा ठरताच नोंदणी करणे, आणि विमानतळाबाहेरील शाखांचे दर पाहणे, कारण विमानतळावर करांचा व शुल्कांचा बोजा अधिक असतो. इतके करूनही परवडत नसेल तर आपली पाच आसनी गाडी आणि सोबत भाड्याची एक लहान गाडी, हा मार्ग मोकळा आहे.

येत्या उन्हाळ्यात नोंदणीचे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी कागदावर लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे : माणसे किती आणि त्यांत बाल-आसने किती, बॅगा किती, गुडघेदुखी कोणाला, आणि तिसऱ्या रांगेत कोण बसणार. चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातील सर्वांना विचारून लिहावे, आणि सर्वांत आधी तिला, जी आजवर न विचारता मागे जाऊन बसत आली आहे.

जय भीम!