पिशवी कोणाची, निर्णय कोणाचा?

गर्भाशयाची पिशवी काढायची की ठेवायची, हे बाईच्या दुखण्यावरून ठरतं असं आपण समजतो. आकडे तसं म्हणत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी पिशवी काढलेल्या आंध्र प्रदेशात ८.९ टक्के निघाल्या, आसामात ०.९ टक्के! आंध्रातल्या बायका काय वेगळ्या मातीच्या आहेत? अमेरिकेतही जॉन वेनबर्ग यांना मेन राज्यात हेच दिसलं होतं. एका भागात सत्तरीपर्यंत २० टक्के बायकांची पिशवी काढलेली, दुसऱ्या भागात ७० टक्के. फरक आजाराचा नव्हता, डॉक्टरांच्या सवयीचा होता.

आपल्याकडे त्या सवयीला मुकादमाची साथ मिळाली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोडणी बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांतली एक! नवरा-बायको मिळून एक कोयता, आधीच घेतलेली उचल, आणि खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना पाणी. मग अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं, पण तिला कॅन्सरची भीती घातली जाते. बीजकोशही काढले तर तिशीतच पाळी जाण्याचे सारे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. आणि मोळी तर उचलायचीच असते.

हे बीडचं दुखणं, असं मावळातल्या मैत्रिणींनी म्हणू नये. कासारसाई-दारुंब्रेच्या साखर कारखान्याचा हंगाम लागला की कोयत्याच्या टोळ्या आपल्याच शिवारात उतरतात. शिवाय शस्त्रक्रिया कमी म्हणजे सारं ठीक, असंही नाही. भातलावणीत वाकून वाकून जिचं अंग बाहेर आलं, त्या वाडीवरच्या ठाकर-कातकरी बाईला खरोखर गरज असताना कोण विचारतं? जिथे पैसा तिथे सुरी घाईची, जिथे पैसा नाही तिथे सुरीच नाही.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत जिल्हावार देखरेख समिती आहे. तेव्हा लोणावळा, तळेगाव, वडगावच्या गटांनी पुण्याच्या समितीकडे लेखी मागावं: मावळात वर्षभरात किती पिशव्या काढल्या, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वयाच्या बायकांच्या, आणि त्याआधी औषध देऊन पाहिलं होतं का?